घड्याळ कुणाच्या हाती? श्रद्धेच्या भरवशावर जगलेल्या वेळेचे अनुभव

नमस्कार मंडळी. 'आजचा क्षण जगा' हे आता चहाच्या कपांवरही छापून येतं, तेव्हा तसलं काही कृपया लिहू नका. मला खरे अनुभव हवेत. देवावर, गुरूवर, अल्लावर, ज्याच्यावर असेल त्याच्यावर भार टाकून तुम्ही कधी घड्याळाबाहेर जगलात का? आमच्या घरी यावरून दर आषाढीला वाद होतो. भाऊ म्हणतो, वारी म्हणजे वेळ विसरणं. वडील म्हणतात, वारीइतकं वेळेला पक्कं दुसरं काही नाही, फक्त ती वेळ बघायचं काम आपल्याकडे नसतं. मला वडिलांचं जास्त पटतं. तासाभराचा अनुभव असला तरी चालेल, तपशील मात्र हवा. याच धाग्यात खाली, आपापल्या टोपणनावाने लिहा.

दिवेघाट

वडिलांना माझं मत. मागच्या वर्षी माउलींच्या पालखीबरोबर आळंदीपासून चाललो. पहाटे पहिला कर्णा (तुतारी) झाला की पथारी गुंडाळायची, दुसऱ्याला दिंडीत उभं राहायचं, तिसऱ्याला पालखी हलते. "किती वाजले?" असं विचारणारा आमच्या दिंडीत मी एकटाच. शेजारच्या आजींचं उत्तर ठरलेलं, "वाजलं की कळंल."

पुणे ते सासवड हा सगळ्यांत दमवणारा टप्पा, तोही एकादशीचा, म्हणजे पोटात भगर नाहीतर केळी-शेंगदाणे. हडपसरपर्यंत मी मनगटावर पावलं आणि वेग बघत होतो. पण दिंडीत वेग आपला नसतोच. पुढचे थांबले की थांबायचं, पावली सुरू झाली की जागच्या जागी नाचायचं, मग अंतर पडलं म्हणून पळत सुटायचं. घाट लागायच्या आत घड्याळ बंद पडलं. चार्जिंगच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पाय चेपून घेतलेले बरे, म्हणून ते पिशवीत टाकून दिलं.

पण मुद्दा कळला तो तळावरच्या समाजआरतीला. सगळ्या दिंड्या पालखीभोवती, टाळांचा कल्लोळ असा की शेजाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड वर करतात आणि सगळं एकदम गप्प. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. तिचं ऐकून घेतात, निवाडा होतो. मग हरवलं-सापडलं पुकारतात, आणि मग उद्या पालखी किती वाजता हलणार ते. एवढं ऐकलं की लोक निवांत तंबूकडे वळतात. गजर लावणारा मला कुणी दिसला नाही.

महाद्वार

आम्ही पंढरपूरचे. आषाढीआधी देवाचा पलंग काढतात, हे बाहेरच्यांना फारसं ठाऊक नसतं. शेजघरातला पलंग निघाला की देव झोपायचा नाही. काकडा, धूपारती, शेजारती हा रोजचा क्रमच बंद, दर्शन रात्रंदिवस चालू. उभं राहून शीण होतो म्हणून विठ्ठलाच्या पाठीशी मऊ लोड देतात, रुक्मिणीमातेला तक्क्या. यात्रा संपल्यावर प्रक्षाळपूजेला गरम पाण्याने स्नान, रात्री काढा, मग पलंग परत. म्हणजे वेळापत्रक मोडायचं झालं तर आधी देवच मोडतो!

आमच्या घरीही त्या दिवसांत जेवायची वेळ अशी नसते. दर्शनाच्या बारीतून, म्हणजे रांगेतून, सुटून जो येईल त्याला ताट. एकदा परभणीकडचे एक आजोबा ओसरीवर येऊन बसले. मी विचारलं, किती तास लागले? म्हणाले, "गोपाळपुराकडं बारीला लागलो तवा अंधार होता, आताबी अंधारच हाय. मधी काय झालं ते त्यालाच ठावं." आईने भाकरी वाढली, तर आधी बाहेर बसलेल्या सोबत्याला द्या म्हणाले.

दोन ते चार

सगळे वारीवरच आहेत, मी सप्ताहाचं लिहितो. आमच्या गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. देवळाच्या खांबाला पहाऱ्याची यादी डकवलेली असते, दोन-दोन तासांचा एक पहारा. माझा रात्री दोन ते चार. तो कुणालाच नको असतो म्हणून तरण्या पोरांच्या गळ्यात मारतात.

गळ्यात वीणा, एका हाताचं बोट तारेवर, दुसऱ्या हातात चिपळी, आणि उभ्याने 'रामकृष्णहरी'. समोर समई, पारायणाच्या पोथ्या ओळीने मिटलेल्या, मांडवात घोंगड्या पांघरून म्हातारी मंडळी घोरत पडलेली. सुरुवातीला सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळात. हे घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, हे गावाला माहीत असल्यामुळे मनातल्या मनात वजाबाकीसुद्धा चालू.

चार वाजले. चारवाला आलाच नाही. वीणा ठेवता येत नाही, ती घेऊन गल्लीत जाता येत नाही, आणि नामात खंड पडू द्यायचा नाही म्हणून कुणाला हाक मारता येत नाही. आधी राग आला. मग पोटऱ्या दुखायला लागल्या. मग बराच वेळ ना राग ना पोटऱ्या, नुसती तार. बोटाच्या पेराला तिने खाच पडलेली आणि ती खाचच काय ती जागी. काकड्याला बायका आल्या तेव्हा कळलं की साडेपाच होऊन गेलेत. मागाहून तो गडी आला, "डोळा लागला राव" म्हणत पाया पडला. तोवर त्याच्यावरचा राग कुठल्या कुठे गेला होता.

याला श्रद्धा म्हणायचं का, तुम्ही ठरवा. खाली ठेवायची सोय असती तर मी चार वाजून एक मिनिटाने घरी असतो.

अंगणातली तुळस

छोटासाच. आईला आता वार, महिना, कधी कधी मीसुद्धा आठवत नाही. तिन्हीसांजेला दिवा लावला की हरिपाठ मात्र अख्खा म्हणते. मी ऑफिसचा फोन बंद करून शेजारी बसते. तेवढा वेळ ती मला विचारत नाही की तू कोण.

इफ्तारी

आमच्यात घड्याळ बघावंच लागतं, पण ते सूर्याच्या मागून चालतं. मशिदीत तक्ता लावलेला असतो, त्यातली वेळ हळूहळू सरकत जाते. मी रत्नागिरीचा, नोकरी नागपुरात. पहिल्या रमजानात अम्मीचा फोन यायचा, "रोजा सोडलास का?" इथे मगरिब, म्हणजे सूर्यास्ताची नमाज, होऊन गेलेली आणि तिच्याकडे अजून उजेड. वीसेक मिनिटांचा फरक पडतो. घड्याळात मात्र दोघांकडे एकच वेळ.

कँटीनमध्ये अजानच्या आधीची पाच मिनिटं बघण्यासारखी असतात. खजूर हातात, तोंड मिटलेलं, दुआ चालू. आमचा फोरमन रोजे ठेवत नाही, पण तोही तेवढा वेळ चहाचा कप समोर तसाच ठेवून बसतो. त्याला कुणी तसं सांगितलेलं नाही.

जादा गाडी

सगळ्यांचं वाचून बरं वाटलं आणि थोडं खटकलंही. माझे वडील एसटीचे चालक. आषाढीला दरवर्षी जादा गाड्यांवर ड्यूटी. मागे भजन रंगलेलं आणि हे मिनिटं मोजताहेत, कारण मागची गाडी अडकली की पुढच्या गावाला शे-दोनशे माणूस उन्हात खोळंबणार. इतकी वर्षं पंढरपूरला जाऊन पायावर डोकं ठेवायला मिळालं ते निवृत्तीनंतर. तोवर लांबून कळस दिसला की एक हात स्टेअरिंगवरून कपाळाला, संपलं दर्शन. कुणीतरी घड्याळ सांभाळतं म्हणून बाकीच्यांना ते विसरता येतं. या सांभाळणाऱ्यांना धाग्यात कुणी विचारलंच नव्हतं.

२०२० आणि २०२१ साली, कोरोनात, पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरीला गेल्या. आम्ही टीव्हीवर बघत होतो. बाकीचे हात जोडून बसलेले, वडील उभे. फुलांनी सजवलेली गाडी दिसली तशी त्यांनी आधी भिंतीवर किती वाजले ते पाहिलं, मग हात जोडले.

धागाकर्ती

जादा गाडी, हे वडिलांना वाचून दाखवलं. "याला म्हणावं, तुझ्या बापाचीच वारी खरी," असं म्हणाले. भाऊ यावर गप्प आहे, हे आमच्या घरात दुर्मीळ.

उंबरठा

पुढच्या वर्षी एकटीने जायचं मनात आहे. ओळख नसताना दिंडीत घेतात का? शिवाय थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी लागते, वेळ चुकवून चालत नाही.

दिवेघाट

घेतात. निघायच्या आधीच दिंडीप्रमुखांना गाठून भिशी भरा. जेवण, राहुटी आणि सामानाचा ट्रक त्यात येतो. बॅगेवर दिंडीचा नंबर लिहा आणि पुढे 'रथापुढे' की 'रथामागे' तेही लिहा, नाहीतर त्याच नंबरच्या दुसऱ्या दिंडीत बॅग शोधत फिराल. आमच्या दिंडीत तीन-चार काकू तुमच्याच गोळीवाल्या होत्या. गोळी पहिल्या कर्ण्याला घ्यायच्या. चहा त्यानंतर तासाभराने यायचा.