कच्च्या आहारात सोया सॉसच्या जागी काय? ‘रॉ’ शब्द बघायचा की सोडियम?

चिमूटभर
दोन वर्षं झाली, माझं जवळजवळ सगळं जेवण कच्चं असतं. सॅलड, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले बदाम, काकडी नाहीतर झुकिनीच्या नूडल्स. या सगळ्याला चव यावी म्हणून इतके दिवस मी नामा शोयू वापरत होते, म्हणजे न तापवलेला सोया सॉस. गेल्या महिन्यात तो बंद केला. कच्चा आहार घेणाऱ्या दोन मैत्रिणींना हे पटलं नाही, म्हणून सगळ्यांसमोर मांडते आहे.

जपानीत ‘नामा’ म्हणजे कच्चं. पण त्या बाटलीत आहे काय? सोयाबीन आधी शिजवतात किंवा वाफवतात. गहू भाजून भरडतात. त्यावर अ‍ॅस्परजिलस ओरायझी नावाची बुरशी वाढवतात आणि ते सगळं खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. नेहमीचा सॉस गाळल्यावर पुन्हा तापवतात, नामामध्ये तेवढा शेवटचा ताप टळतो. अन्न तापवण्यासाठी आपल्यापैकी कुणी 42 अंश सेल्सियसची मर्यादा पाळतो, कुणी 48 ची. या सॉसमधलं धान्य दोन्ही मर्यादा केव्हाच ओलांडून आलेलं असतं. आणि सोयाबीन तर कच्चं खाऊच नये, कारण त्यात प्रथिनांच्या पचनात अडथळा आणणारे घटक असतात. शिजवल्याशिवाय त्यांचा जोर कमी होत नाही. मग कच्चा सोया सॉस म्हणजे नेमकं काय कच्चं?

मला छळतो तो मात्र दुसराच प्रश्न. एक दिवस मी ड्रेसिंग मोजून केलं. एरवी बाटली वाकडी करून ‘अंदाजाने’ ओतायचे तेवढंच वाटीत ओतलं आणि मग छोट्या चमच्याने मोजलं. चार चमचे भरले. एका छोट्या चमच्यात साधारण 300 मिलिग्रॅम सोडियम असतं, म्हणजे एका वाटीत 1200. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला 2000 मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, आणि हे माझं एका वेळचं जेवण होतं. मिठाला हात न लावता मी मीठच खात होते. म्हणून म्हणते, बाटली कच्ची आहे का हे विचारण्याआधी चमच्यात सोडियम किती ते विचारा.

मुरवण
चिमूटभर ताई, मोजमाप मान्य, निष्कर्ष नाही. धान्य शिजवलेलं असतं हे मलाही माहीत आहे. पण मुरवताना जे घडतं ते ताप दिल्यावर मोडतं. बुरशीने तयार केलेली एन्झाइम्स नामामध्ये शाबूत असतात. नेहमीचा सॉस तापवतात तेव्हा रंग गडद होतो आणि भाजल्यासारखा वास येतो. नामाचा रंग फिका, वास मऊ. काकडीवर दोन्ही वेगवेगळे घालून बघा, तापवलेला सॉस काकडीची चव झाकून टाकतो. मी 6 वर्षं तो वापरतो आहे, पण थेंबाने. तुमचा हात सैल होता, त्यात बाटलीचा काय दोष?

काटेतोल
दोघांनाही एक विचारतो. साधं मीठ का नको?

मीठ कच्चंच असतं. समुद्राचं पाणी उन्हात आटवून केलेलं मीठ तर तुमच्या सगळ्या मर्यादांत बसतं. शिवाय ते मोजता येतं: एका ग्रॅममध्ये सुमारे 390 मिलिग्रॅम सोडियम, कुठल्याही डब्यातलं घ्या. गुलाबी, राखाडी, काळसर या रंगांवर पैसे घालवू नका, सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. बाकीची खनिजं इतकी थोडी असतात की तेवढ्यासाठी मीठ खायचं म्हटलं तर रक्तदाबच वाढेल. उलट या हौशी मिठांत सहसा आयोडीन घातलेलं नसतं, आणि दूध, अंडी, मासे सोडलेल्या माणसाला त्याची गरज असते.

नारळीपाक
मी नारळाच्या अमिनोजकडे वळले. नारळाच्या फुलोऱ्यातून काढलेला गोड रस मीठ घालून आंबवतात. सोया नाही, गहू नाही, त्यामुळे मला सोसतं (मला गव्हाचा त्रास आहे, आणि नामा शोयूमध्ये गहू असतो हे फार जणांच्या लक्षात येत नाही). माझ्या बाटलीवर एका छोट्या चमच्याला 90 मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. सोया सॉसच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी!

काटेतोल
नारळीपाक, तुमची बाटली चांगली दिसते, पण सगळ्या तशा नसतात. याच नावाच्या काही बाटल्यांत दुपटीहून जास्त सोडियम असतं. आणि पुष्कळ ठिकाणी तो रस आटवून दाट करतात, म्हणजे चुलीवर. कच्चा हवा असेल तर उत्पादकाला तापमान विचारा.

नावावरून आणखी एक घोटाळा होतो. ‘लिक्विड अमिनोज’ म्हणून सोयाची जी बाटली मिळते ती वेगळीच. ती आंबवलेली नसते. सोयाची प्रथिनं आम्लाने फोडतात आणि मग खाण्याच्या सोड्याने ते आम्ल मारतात. आम्ल हायड्रोक्लोरिक असेल तर या क्रियेत मीठच तयार होतं, म्हणून वरून मीठ न घालताही ती खारट लागते. चमच्याला साधारण 320 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सोया सॉसइतकंच किंवा थोडं जास्त. त्यावरचं ‘मीठ घातलेलं नाही’ हे वाक्य खरं असूनही फसवतं. माझ्या वडिलांना डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं तेव्हा आम्ही घरात सहा महिने हीच बाटली वापरली. समजुतीने, प्रेमाने वापरली. त्याचा राग मला अजून आहे.

सागरवेल
समुद्री शेवाळाकडे कुणीच कसं वळलं नाही? सोया सॉसमध्ये आपल्याला जी चव आवडते त्यात खारटपणाइतकाच उमामीचा, म्हणजे जिभेवर रेंगाळणाऱ्या खमंग चवीचा, वाटा असतो, आणि ती चव ओळखली गेली शेवाळातूनच. 1908 मध्ये तोक्योत रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी कोंबू या शेवाळाच्या रसातून ही चव देणारं ग्लुटामेट वेगळं काढलं. वाळवलेलं डल्स (लालसर शेवाळ) चुरून सॅलडवर टाका, खारट आणि खमंग दोन्ही. नोरी (शेवाळाचे कागदासारखे पापुद्रे) घ्याल तर न भाजलेली घ्या: ती जांभळट काळी असते, भाजलेली हिरवी दिसते. मी केल्प या शेवाळाची पूडही रोज एक चमचा घेते, मिठाऐवजी.

काटेतोल
सागरवेल, डल्स आणि नोरीबद्दल वाद नाही. केल्पचा रोज चमचा मात्र कृपा करून आजच थांबवा. प्रौढाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्पच्या एका ग्रॅममध्येसुद्धा त्याच्या कित्येक पट असू शकतं, आणि चमच्यात तर दोन-तीन ग्रॅम सहज बसतात. मघाशी मीच आयोडीन हवं म्हणालो, पण जास्त झालं तरी थायरॉइड बिघडतं, कमी झालं तरी बिघडतं.

सागरवेल
हे मला माहीत नव्हतं. थांबवते, आणि तपासणीही करून घेते. डल्स चालू ठेवीन.

चिमूटभर
काटेतोल दादा, साध्या मिठाचं म्हणणं बरोबर आहे, पण नुसत्या मिठाने मन भरत नाही. मन भरलं नाही की माणूस आणखी मीठ घालतो. म्हणून महिनाभर मी काय केलं ते सांगते.

एक किलो कोबी बारीक चिरून 20 ग्रॅम मिठात चोळला आणि बरणीत दाबून ठेवला. 10-12 दिवसांत तो आंबला. त्याचं जे आंबट-खारट पाणी सुटतं तेच माझा सोया सॉस. मीठ 2 टक्के, म्हणजे एका छोट्या चमच्यात साधारण 40 मिलिग्रॅम सोडियम. ते चार चमचे घेतले तरी 160 होतं. त्यात बिनमिठाचे, उन्हात वाळवलेले दोन टोमॅटो तासभर भिजवायचे आणि डल्सची चिमूट घालून वाटायचं. टोमॅटो पिकला की त्यात ग्लुटामेट वाढतं, वाळला की ते दाटतं. आंबटपणामुळे कमी मीठही पुरेसं लागतं. पहिल्या दिवशी फिकं वाटलं होतं. तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीकडे जुना सॉस चाखला तर जीभ आकसली.

मुरवण
रविवारी हे करून पाहिलं. चव चांगली आहे, मनापासून सांगतो. पण याला सोया सॉसची जागा घेता येत नाही. गहू आणि सोया महिनोन्‌महिने मुरून जो वास येतो तो 12 दिवसांच्या कोबीत कुठून येणार? तुम्ही ड्रेसिंग केलंत, सॉस नाही. झुकिनीच्या नूडल्सवर मी तुमचं वाटण घातलं आणि शेवटी नामाचे 5 थेंब. त्या 5 थेंबांनी ताट उभं राहिलं.

चिमूटभर
5 थेंब म्हणजे 15-20 मिलिग्रॅम सोडियम, त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्याला कच्चं म्हणण्याला. शिजवलेल्या सोयाचा, आंबवलेला, चवीपुरता पदार्थ म्हणून वापरा, मीही कदाचित वापरीन.

मुरवण
मी कच्चंच म्हणणार. मुरल्यानंतर ज्याला ताप लागला नाही ते माझ्या लेखी कच्चं.

नारळीपाक
कोबीचं पाणी टोमॅटोबरोबर वाटून ठेवलं तर किती दिवस टिकतं?

चिमूटभर
नुसतं पाणी फ्रिजमध्ये कोबीसकट महिनाभर राहतं, कोबी पाण्याखाली बुडालेला असला तर. वाटलेलं मात्र मी तीन दिवसांच्या वर ठेवत नाही. टोमॅटो घातल्यावर ते पुन्हा आंबायला लागतं, झाकण उघडताना फस्स आवाज येतो.