क्लबहाऊस कार्यक्रम : पान ३ बद्दल

ए-३०२ : शनिवारच्या ‘ओल्ड रॉक’ संध्याकाळच्या गाण्यांच्या झेरॉक्स गेटवर ठेवल्यात. एका घराला एकच सेट घ्या प्लीज.

सी-१०४ : ताई, पान ३ परत मागवा. ‘लुई लुई’चे शब्द नेटवरून उचललेत. ते चावट शब्द गाण्यात नाहीतच. रिचर्ड बेरीचं १९५७ चं साधं गाणं आहे, खलाशी लुईला सांगतोय, जमैकात माझी मैत्रीण वाट बघतेय, मी निघतो. बस्स.

ए-३०२ : पण काका, रेकॉर्डवर तर काहीच धड कळत नाही!

सी-१०४ : कसं कळणार? किंग्जमेन बँडची ती रेकॉर्ड १९६३ ची, अमेरिकेतल्या पोर्टलंडमधली. माईक वर टांगलेला, गायक जॅक इली मान वर करून ओरडतोय, दातांना तारा, भोवती बँड फुल आवाजात. व्यंजनं गेली, स्वर तेवढे उरले. मग ज्याच्या मनात जे, ते त्याला ऐकू आलं. पोरांनी चावट शब्दांचे कागद वाटले, इंडियानाच्या गव्हर्नरांनी रेडिओवर लावू नका म्हणून सांगितलं, १९६४ पासून एफबीआयने तपास केला. रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडला फिरवून निष्कर्ष काय, तर कुठल्याच स्पीडला शब्द लागत नाहीत 😄

बी-५०१ : पान ५ पण बघा. जिमी हेंड्रिक्सच्या गाण्यातल्या ‘किस द स्काय’चं ‘किस धिस गाय’ झालंय. देवनागरीत छापल्यामुळे थेट गोमातेची पापी 🐄

सी-१०४ : ही चूक मूळची इंग्रजी कानांची. त्यांचा शब्दाच्या सुरुवातीचा ‘क’ थोडा ‘ख’कडे झुकतो, ‘स’नंतरचा मात्र आपल्यासारखा कोरडा असतो. ‘स’ मागच्या शब्दाला चिकटला की उरलेला कोरडा ‘क’ त्यांना ‘ग’ वाटतो. आपल्याला क-ग लहानपणापासून वेगळे. मराठी माणूस इथे फसतो तो बहुतेक कागद वाचून.

बी-५०१ : आणि ‘बॅड मून ऑन द राइज’चं ‘बाथरूम ऑन द राइट’? ते तर त्या गाण्याचा गायक जॉन फोगर्टी स्वतःच स्टेजवर गंमत म्हणून गातो.

ए-३०२ : आपल्या क्लबहाऊसचं डावीकडे आहे, पाहुण्यांना सांगून ठेवा. काका, बाकीची पानं तपासायची कशी? परवाच कार्यक्रम आहे.

सी-१०४ : आधी कागद उलटा ठेवा. एकदा शब्द वाचले की कान तेच ऐकतो. फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. स्पीड ०.७५. त्याखाली गेलात की स्वर ताणले जातात आणि नवेच भास होतात. दोघांनी वेगवेगळं लिहा, जिथे जुळत नाही तेवढीच ओळ पुन्हा ऐका. बीटल्सचा पहिला एलपी स्टिरिओत असेल तर फक्त उजवी बाजू ऐका, गाणारे उजवीकडे आणि वाद्यं डावीकडे आहेत. लिटल रिचर्डच्या ‘टुटी फ्रुटी’च्या सुरुवातीच्या ‘शब्दांना’ मात्र डोकं लावू नका, तो तोंडाने वाजवलेला ड्रम आहे.

डी-२०३ : काका, लुई लुईच्या कॉर्ड्स ए, डी, ई, डी ना?

सी-१०४ : ई मायनर! तिथेच सगळे मेजर वाजवतात आणि गाणं भलतंच गोड होतं. अजून एक, गिटार सोलोनंतर रेकॉर्डवर गाणारा लवकर घुसलाय आणि गप्प बसलाय, ड्रमरने मधली जागा ड्रमने भरून (फिल मारून) सांभाळलंय. रेकॉर्डसारखंच बसवत असाल तर ती जागा मोजून ठेवा.

ए-३०२ : ठीक. पान ३ आणि ५ नेलं असेल त्यांनी गेटवर परत द्या 🙏

बी-५०१ : पान ३ मुलांचं पाठ झालंय. आता काय परत देऊ 🙈