नर नसलेल्या सरड्यांमधील 'मीलन' कशासाठी? डेव्हिड क्रूज यांच्या संशोधनाविषयी प्रश्न

पाणंद (प्रश्नकर्ता)

अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि उत्तर मेक्सिकोच्या कोरड्या गवताळ प्रदेशात राहणाऱ्या व्हिपटेल सरड्यांच्या एका जातीत नर अजिबात नसतात, सगळ्या माद्याच असतात आणि त्या फलनाशिवाय अंडी घालतात, हे समजण्यासारखे आहे. मात्र त्यातील एक मादी दुसरीच्या पाठीवर चढून नरासारखे वागते, असे टेक्सास विद्यापीठातील डेव्हिड क्रूज यांनी नोंदवले आहे. जिथे शुक्रजंतूच नाहीत तिथे हा खटाटोप कशासाठी? या वर्तनाचा अंड्यांशी काही संबंध आहे, की पिंजऱ्यातील कोंडमाऱ्यामुळे जडलेली ती सवय आहे? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवडुंग

क्रूज आणि केव्हिन फिट्झगेराल्ड यांनी हे वर्तन 1980 साली प्रसिद्ध केले. त्यात एक मादी दुसरीची मान जबड्यात धरते, पाठीवर चढते, शेपूट तिच्या शेपटीखाली वळवून दोघींची अवस्करद्वारे (मलमूत्र आणि अंडी ज्यातून बाहेर पडतात ती छिद्रे) एकमेकांजवळ आणते आणि मग मानेवरची पकड सोडून कमरेजवळ चावा घेते, त्यामुळे तिचे अंग कड्यासारखे वाकते. नर-मादी दोन्ही असणाऱ्या व्हिपटेल जातींमधील नर मीलनाच्या वेळी नेमके हेच करतो. वर चढणारी आणि खाली राहणारी अशा दोन प्रकारच्या माद्या मात्र या जातीत नसतात. जिच्या अंडाशयात बीजांडे वाढत आहेत आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक (हार्मोन) चढते आहे ती खाली राहते. जिचे अंडोत्सर्जन (अंडाशयातून बीजांड सुटणे) होऊन गेले आहे आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक वाढले आहे ती वर चढते. पुढच्या चक्रात त्याच दोघींच्या भूमिका उलट होतात.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषसंप्रेरक या माद्यांच्या रक्तात जवळजवळ नसतेच. या जातीच्या पूर्वज जातींत नर आहेत आणि त्यांपैकी एकीत हे काम पुरुषसंप्रेरके करतात. इथे मेंदूतील तीच यंत्रणा प्रोजेस्टेरॉनने चालू होते. अंडाशय काढून टाकलेल्या माद्यांना प्रोजेस्टेरॉन दिल्यावर त्या वर चढू लागल्या, हा त्याचा पुरावा.

आता आपला मूळ प्रश्न. एकटी ठेवलेली मादीही अंडी घालते, म्हणजे पुनरुत्पादनासाठी हे वर्तन अनिवार्य नाही. पण नरासारखे वागणाऱ्या मादीच्या सहवासात असलेल्या माद्यांनी अधिक अंडी घातली, असे क्रूज यांच्या प्रयोगशाळेत दिसून आले. हा विचार त्यांना अचानक सुचलेला नव्हता. हिरव्या अ‍ॅनोल सरड्यांवरील त्यांच्या आधीच्या कामात, नराने गळ्याची लाल झालर फुलवून केलेले प्रदर्शन पाहणाऱ्या माद्यांची बीजांडे लवकर वाढतात, ज्यांच्यासमोर झालर फुलवू न शकणारा नर असतो त्यांची वाढ मंदावते आणि नर आपापसांत भांडत राहिले तरीही ती खुंटते, हे त्यांनी दाखवले होते. म्हणजे जोडीदाराचे वागणे मादीच्या अंडाशयापर्यंत पोचते, आणि नर नाहीसे झाले तरी हा धागा तुटला नाही, असे त्यांचे म्हणणे.

कातळसडा

वरील विवेचनात एका मतभेदाचा उल्लेख राहिला. काही सरीसृपतज्ज्ञांनी सुरुवातीलाच असा आक्षेप घेतला होता की लहानशा जागेत दाटीने ठेवलेल्या प्राण्यांचे वर्तन विकृत होऊ शकते आणि त्यावरून निसर्गातील अर्थ काढणे घाईचे ठरते. रानातून पकडलेल्या काही माद्यांच्या अंगावर तशाच चाव्याच्या खुणा आढळल्या, हे त्याला दिले गेलेले उत्तर; पण खूण आणि डोळ्यांदेखत पाहिलेली घटना यांत फरक असतो. शिवाय हे वर्तन टिकून राहण्याजोगे उपयुक्त आहे, की पूर्वजांकडून आलेला निव्वळ अवशेष आहे, हा प्रश्न त्या खुणांनी सुटत नाही. संप्रेरकांविषयीचा भाग मला भक्कम वाटतो. अंड्यांच्या संख्येवरून रानातील फायद्याचे अनुमान करताना मी हात आखडता घेईन.

पाणंद

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका. अशा फक्त माद्यांच्या जाती आपल्याकडे आहेत का? आणि संप्रेरक व वर्तन यांचे असे अनपेक्षित नाते नर असलेल्या जातींतही दिसते का?

कातळसडा

पहिल्या शंकेचे उत्तर कदाचित आपल्या कुंडीतच सापडेल. पावसाळ्यात ओल्या मातीत दिसणारा, गांडूळ समजून ज्याच्याकडे दुर्लक्ष होते तो काळपट, चकचकीत, पेन्सिलीहून बारीक वाळा हा साप आहे आणि त्याच्या एका जातीत, ब्राह्मणी वाळ्यात, केवळ माद्याच आढळतात. व्हिपटेलांच्या त्या जातीप्रमाणे याच्याही पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. एकटी मादी नवी वसाहत सुरू करू शकत असल्यामुळे कुंड्यांच्या मातीबरोबर तो जगभर पसरला आहे.

निवडुंग

दुसऱ्या शंकेसाठी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातले गार्टर साप पाहावेत; क्रूज यांच्या कामातील तेच उदाहरण मला सर्वांत धक्कादायक वाटते. हे साप चुनखडीच्या भेगांमध्ये सात-आठ महिने शीतनिद्रेत काढतात. वसंतात नर आधी बाहेर पडून तोंडाशी थांबून राहतात आणि एखादी मादी वर आली की तिच्याभोवती कित्येक नरांचा गुंता होतो. अशा वेळी नराच्या अंगात टेस्टोस्टेरॉन उधाणाला आले असेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्याची वृषणे त्या वेळी आक्रसलेली असतात, संप्रेरकाचे प्रमाण अगदी कमी असते आणि तो जे शुक्रजंतू वापरतो ते आदल्या उन्हाळ्यात तयार करून साठवलेले असतात. वृषणे काढून टाकलेले नरसुद्धा पुढच्या वसंतात माद्यांमागे लागतात. त्यांना चालना मिळते ती दीर्घ थंडीनंतर वाढलेल्या तापमानामुळे. मेंदूतील पिनियल ग्रंथी शीतनिद्रेपूर्वी काढली, तर बहुतेक नर वसंतात माद्यांकडे लक्ष देत नाहीत. मीलनाचा काळ आणि शुक्रजंतू तयार होण्याचा काळ एकमेकांपासून तुटलेला असणे तिथल्या छोट्या उन्हाळ्यात सोयीचे आहे, कारण बाहेर पडताच मीलन उरकले की नर आणि माद्या दोघांनाही उरलेले सगळे दिवस खाण्यासाठी मिळतात, आणि पुढच्या वर्षीचे शुक्रजंतू नर त्याच भरल्या पोटी तयार करतो.