थिबा राजवाडा: आईला वरचा मजला दाखवता येईल का?

मंडळी, पुढच्या आठवड्यात आईला घेऊन गुहागरहून रत्नागिरीला जातेय, मुख्यतः थिबा राजवाड्यासाठी. आईचे गुडघे पार गेलेत. काठी टेकत सपाटीवर बरी चालते, पण जिन्यावर दर दोन पायऱ्यांनी थांबते. आणि तिला नेमका वरचाच मजला बघायचाय! ब्रह्मदेशचं राज्य १८८५ साली इंग्रजांनी घेतलं, तिथल्या थिबा राजाला इथे आणून ठेवलं, १९१० साली हा वाडा झाला आणि १९१६ साली तो इथेच वारला. स्वतःच्या मुलखापासून इतक्या लांब तो कुठल्या खिडकीत बसत असेल, हे तिला बघायचंय. मला तिची ही इच्छा पुरी करायचीच आहे.

तर, वरचा मजला सध्या बघायला खुला आहे का? जिन्याला धरायला भक्कम कठडा आहे ना? गाडी आवारात पार दारापर्यंत नेऊ देतात का? बागेत सावलीत बाकं असतील तर मधे तिला बसवता येईल. वाड्यातल्या संग्रहालयाची सुट्टी कोणत्या वारी, तेही सांगा.

तिथून थिबा पॉइंटला भाट्याची खाडी बघायला न्यायचा विचार आहे. संध्याकाळी तिथे फार गर्दी होते का? नुकतंच कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर जरूर कळवा.