लिव्ह-इनची नोंद सरकारकडे कशाला? (बडोदेकरांनो, बोला)

दांडियाबाजारकर:
काल रात्री जेवताना घरात वाद पेटला म्हणून इथे टाकतोय. उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला, त्यात लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनी पण नोंद करायची, महिन्याभरात नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोघांपैकी कोणी एकवीसच्या आतलं असेल तर आईवडिलांना कळवणार. गुजरातनं पण त्याच फेब्रुवारीत असाच कायदा आणायचा का ते बघायला न्या. रंजना देसाईंची समिती नेमली, उत्तराखंडचा मसुदा पण त्यांच्याच समितीचा. माझं म्हणणं, अठराव्या वर्षी मत देता येतं ना, मग कोणाबरोबर राहतो हे सरकारला का सांगायचं? आपण सयाजीरावांच्या गावचे, आपण तरी पुढारलेलं बोलूया.

रावपुऱ्याचे काका:
सयाजीरावांचं नाव काढलंस म्हणून लिहितो. महाराजांनी घरात लक्ष घातलं नाही का? १९०४ ला बालविवाह बंदीचा कायदा केला. १९०६ ला अख्ख्या संस्थानात शिक्षण सक्तीचं केलं, पोर शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड. तेव्हाही लोक म्हणाले असतील की हा आमच्या घरचा मामला आहे. तुम्हाला पटणारा कायदा असला की सुधारणा, नाही पटला की ढवळाढवळ, हे कसं चालेल? आमच्या नात्यातली एक मुलगी चार वर्षं एका मुलाबरोबर राहिली, तो सोडून गेला, भाडेकरार त्याच्या नावावर, हिच्या हातात एक कागद नाही. उत्तराखंडच्या कायद्यात अशा बाईला पोटगी मागता येते. हे वाईट आहे का?

सयाजीगंजवाली:
काका, त्या ताईबद्दल खरंच वाईट वाटलं. पण २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात लग्नासारखं राहणाऱ्या बाईला संरक्षण आहेच, तिथे नोंदीचा दाखला कोणी मागत नाही. पोटगी द्या की, नोंद नाही म्हणून तुरुंग कशाला? आणि कागद कोणाच्या हातात पडतो ते पण बघा. १९५४ च्या स्पेशल मॅरेज कायद्यात तीस दिवसांची नोटीस लागते, माझ्या मैत्रिणीची नोटीस बोर्डावर लागली आणि संध्याकाळपर्यंत घरी कळलं, भावानं फोन काढून घेतला, महिनाभर तिला ओट्यावर पण येऊ दिलं नाही. महाराजांचे कायदे ज्या लेकराला नाही म्हणता येत नव्हतं त्याच्यासाठी होते. १९३१ ला त्यांनी हिंदूंना घटस्फोट दिला, देशात तो १९५५ ला आला. म्हणजे बाईला जास्त मोकळीक दिली, पहारा नाही बसवला.

कमाटीबागेतली आजी:
मुलींनो, आईबाप म्हणजे शत्रू असं धरूनच का चालता? मोडलं की रात्री दोन वाजता रिक्षा करून माहेरीच येता ना. दवाखान्यात सही करायला कोण उभं राहतं? एकोणीस वर्षांच्या पोरीचं आम्हाला कळावं एवढंच मागणं आहे, अडवायचं नाही.

दांडियाबाजारकर:
आजी, तुम्ही अडवणार नाही, पण कायदा सगळ्यांच्याच घरी पत्र धाडणार, मारणाऱ्या बापाच्या पण. आणि एकोणीसचंच म्हणता तर इंदिराराजे आठवा. महाराजांची सख्खी मुलगी, ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, त्यांची पहिली राणी हयात. १९११ च्या डिसेंबरात तिनं स्वतः पत्र लिहून लग्न मोडलं. जन्म १८९२ चा, तेव्हा एकोणीसच वय. एवढे सुधारक महाराज, ते पण विरोधात होते! शेवटी १९१३ ला लंडनमध्ये कूचबिहारच्या जितेंद्रांशी लग्न केलं.

रावपुऱ्याचे काका:
इंदिराराजेंचं मान्य. पण तिनं लपवलं नाही, सही करून उघड लिहिलं. मी तेच म्हणतोय, उघड असू दे.

सयाजीगंजवाली:
काका, ते पत्र तिनं लिहिलं, तिला वाटलं तेव्हा. ती त्या सहीच्या आधी कोणत्या कचेरीत गेली नव्हती. ताईच्या पोटगीसाठी तुम्ही म्हणाल तिथे मी सही करते, पण त्या नोंदीतला तुरुंग आणि घरी जाणारं पत्र काढा म्हणावं, तुम्ही पण सरकारला तेवढं तरी लिहाल का?