मायच्या बरगडीला अन् पाठीला कोणता पट्टा घ्यावा?

गोठेवाला_केज

राम राम मंडळी. केज तालुक्यातून लिहायलोय. माय 64 वर्षांची. मागल्या सोमवारी धार काढायला बसली अन् नुकत्याच व्यालेल्या म्हशीनं ढुशी दिली. माय उजव्या कुशीवर गव्हाणीच्या दगडावर आदळली. चरवीतलं दूध सांडलं ह्याचीच तिला जास्त हळहळ. दुखतंय हे दुपारपर्यंत बोलली नाही. संध्याकाळी खोकला आला तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, मग कळलं.

तालुक्याला नेऊन छातीचा फोटो काढला. नवव्या बरगडीला चीर गेलीय म्हणाले. गोळ्या लिहून दिल्या अन् "पट्टा बांधा, दीड महिन्यात बरं वाटेल." कोणता पट्टा हे त्यांनी सांगितलं नाही, गडबडीत मीही विचारलं नाही. मेडिकलवाल्यानं काउंटरवर तीन टाकले. एक वीतभर रुंदीचा, इलास्टिकचा, छातीभोवती गुंडाळायचा, 380 रुपये. दुसरा कमरेचा, मागं पत्र्याच्या पट्ट्या घातलेल्या, 650. तिसरा शाळेच्या दप्तरासारखा खांद्यात अडकवायचा, पाठीवर दोन उभ्या सळया, 1200. "कोणता बी चालतो," म्हणाला. चपला हायत का त्या, कोणत्या बी चालायला?

मी मधला उचलला. माय पाठ पण दुखते म्हणत होती, म्हणलं एकात दोन कामं होतील.

आता त्याची गत ऐका. माय नऊवारी नेसते. लुगड्याची गाठ, ओचा सगळं कमरेला, त्याच्यावर हा पट्टा. बसली की पट्टा वर सरकतो अन् वरची कड नेमकी मोडक्या बरगडीत रुततेय. त्यात एप्रिलचं ऊन. दोन दिवसांत घामोळ्या उठल्या. काल तिनं पट्टा काढून कडब्याच्या गंजीवर फेकला.

पाठ म्हणजे कंबर नाही बरं का. पोलक्याच्या खालच्या काठाच्या जरा खाली, मधोमध. उठताना, उभी राहिली की दुखतं, आडवी झाली की उतरतं. छातीचा पट्टा आणू का तो सळयांचा? का दोन्ही एकावर एक बांधू?

मोंढ्यातला_मामा

भाऊ, मी 22 वर्षं लातूरच्या मोंढ्यात हमाली केली. कमरेच्या पट्ट्याचं मला विचार. पट्ट्यानं जोर येत नसतो, वाकताना तो टोचतो अन् मग माणूस गुडघ्यात बसून कट्टा उचलतो, एवढंच त्याचं काम. दिवसभर बांधून फिरणारे आमच्यातले दोघं पुढं पट्ट्याशिवाय खुर्चीवरून उठत नव्हते. काम झालं की सोडायचा.

बरगडीला मात्र पैसे घालू नको. आमच्या आजीच्या टायमाला जुनं लुगडं फाडून छातीला करकचून आवळायचे. श्वास थोडा थोडा घेतला की दुखत नाही. महिन्याभरात गडी कामावर.

फिजिओताई_अंबाजोगाई

मामा, कमरेचं तुम्ही लाख बोललात, पण ते आवळणं नको. दवाखान्यांत पूर्वी हेच करायचे, आता टाळतात. बरगडी प्रत्येक श्वासाला हलते म्हणून दुखते. छाती आवळली की दुखणं कमी होतं खरं, पण फुफ्फुसाचा खालचा भाग फुगत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया होऊ शकतो. तरुण गडी त्यातून निभावतो, 64 वर्षांच्या बाईला तो न्यूमोनिया बरगडीपेक्षा महाग पडतो. बरगडी पट्ट्याने जुळत नाही, ती आपली आपण साधारण सहा आठवड्यांत जुळते.

दादा, मावशींना वेदनेच्या गोळ्या लिहून दिल्यात तशा वेळच्या वेळी द्या. दुखेल तेव्हाच घेऊ, असं नको. गोळी पोटात असेल तरच त्या पूर्ण श्वास घेतील. जागेपणी तासा-तासाला दहा खोल श्वास. नळ्यांत प्लास्टिकच्या तीन गोळ्या असलेलं श्वासाच्या व्यायामाचं फुंकणी-यंत्र मेडिकलमध्ये मिळतं. नाव फुंकणी, पण नळीतून हवा आत ओढायची असते, आमच्याकडे निम्मे पेशंट फुंकतच बसतात. खोकला आला की वाकळेची घडी दुखऱ्या कुशीवर धरून छातीशी घट्ट दाबायची आणि खोकायचं. खोकला दाबून ठेवायचा नाही. ती घडी म्हणजेच त्यांचा पट्टा, हवा तेव्हा आवळतो, हवा तेव्हा सुटतो. इलास्टिकचा रिब बेल्ट जीपमधून खड्ड्याच्या रस्त्यानं जायचं असेल तर तेवढ्या वेळापुरता, तोही डॉक्टर हो म्हणाले तर. आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

मला बरगडीपेक्षा तुमच्या शेवटच्या चार ओळींची काळजी वाटतेय. उभं राहिलं की दुखतं, आडवं झालं की थांबतं, आणि जागा मधोमध, पाठीच्या कण्यावर. या वयात बऱ्याच बायकांची हाडं आतून पोकळ झालेली असतात, आदळल्यावर मणका चेपू शकतो. छातीचा फोटो समोरून काढतात, त्यात हे सुटून जातं. पाठीचा बाजूने फोटो लागतो. कण्यावर मणका-मणका करत बोटांनी हलकेच ठोकून बघा, एकाच जागी कळ आली तर उद्याच हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. कळ नाही आली तरी या आठवड्यात फोटो काढाच.

तोवर कोणताच पट्टा विकत घेऊ नका. कमरेचा पट्टा बेंबीच्या आसपास आधार देतो. दुखणं त्याच्या वर असेल तर तो पोचतच नाही, फक्त रुततो, तुम्ही पाहिलंच आहे.

खाली वाकणं, कळशी उचलणं बंद. कुणाकडून पाठ रगडून किंवा तुडवून घेणं तर अजिबात नको. पायाला मुंग्या, पाय लुळा पडणं, लघवी तुंबणं, धाप, ताप, चक्कर, यातलं काही दिसलं तर वाट न बघता मोठा दवाखाना. उजवीकडच्या खालच्या बरगड्यांमागे यकृत असतं, म्हणून पोट दुखलं तरीही.

परळीची_सून

माझ्या सासूबाईंना गेल्या साली कुशीत असंच पट्ट्यासारखं दुखत होतं. कुठं पडल्या नव्हत्या, तरी आम्ही छातीचा बेल्ट आणून बांधला. चौथ्या दिवशी बेल्टखाली पुरळ. आम्ही म्हणलं इलास्टिकची ॲलर्जी. निघाली नागीण! डॉक्टर म्हणाले पुरळ उठल्यावर तीन दिवसांच्या आत गोळ्या सुरू झाल्या असत्या तर चांगलं होतं. आमचा तो वेळ बेल्टनं झाकून ठेवण्यात गेला. तुमच्या आईंचं तसं नाही, तरी घामोळ्या म्हणताय त्या एका रांगेत, एकाच बाजूला तर नाहीत ना, बघून घ्या.

नऊवारीचं म्हणाल तर दुखणं आहे तोवर गाऊन घाला म्हणावं. आमच्या सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, वेशीपर्यंत जायची लाज वाटते म्हणाल्या. नंतर उन्हाळाभर गाऊन सोडला नाही.

गोठेवाला_केज

ताई, उशीर झाला लिहायला. त्याच रात्री बोटानं ठोकून बघितलं. एका जागी हात लागला अन् माय अशी चमकली की मीच घाबरलो. घामोळ्या दोन्हीकडं होत्या, नागीण नाही.

सकाळी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला नेलं. बाजूनं फोटो काढला. पाठीचा बारावा मणका पुढच्या अंगानं चेपलाय. डॉक्टरनी फोटो खिडकीकडं धरून दाखवला, बाकीचे मणके विटंसारखे, हा एक पाचरीसारखा. नस दबली नाही, ऑपरेशन नाही. तो खांद्यात अडकवायचा, सळयांचाच पट्टा लिहून दिला, टेलर ब्रेस म्हणतात. म्हणजे ज्याला मी दप्तर म्हणून हसलो होतो तोच. त्या सळया माणसाला पुढं वाकू देत नाहीत. मणका पुढनंच चेपलाय म्हणल्यावर पुढं वाकणंच बंद पाहिजे, हे तेव्हा डोक्यात शिरलं. सहा आठवड्यांनी परत फोटो. डी जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी आठवड्याला एक, कॅल्शियम, अन् हाडांची घनता तपासा म्हणाले.

बरगडीला पट्टा नाहीच. वाकळ दाबून खोकते. यंत्रातल्या दोन गोळ्या वर जातात, तिसरी हलत नाही. नातू रोज तिच्याशी पैज लावतो.

ब्रेस घेताना ह्या वेळी टेप घेऊनच गेलो. दुकानदार "मीडियम द्या, बसतो" म्हणत होता. मायला तिथंच उभी करून घेर मोजला, डब्यावरच्या तक्त्याशी ताडला, स्मॉल निघाला. सळया मापाच्या नसतील तर बसल्यावर वर सरकून मानेला लागतात. घालून, स्टुलावर बसवून बघितलं. उठता-बसता घालायचा, झोपताना काढायचा.

आत सुती पाहिजे म्हणून बापूंचे बनियन ट्रंकेतून काढले. बापूंना जाऊन तीन वर्षं झाली. "त्यांच्या हयातीत मी कधी त्यांच्या बनियनला हात नाही लावला, धुण्यापुरता सोडून," म्हणाली अन् घातलं. गाऊनला मात्र अजून तयार नाही. परळीच्या वहिनींचा किस्सा सांगितला तर म्हणे, त्यांची वेस मोठी असंल.

मामा, तो 650 वाला दुकानदार परत घेईना, वापरलेला म्हणून. मीच ट्रॅक्टरवर बांधतोय. नांगरट झाली की सोडतो, तुमचं ऐकून.

आता एकच अडचण. ब्रेसच्या चिकटपट्टीत, वेल्क्रो म्हणतात त्यात, कडब्याची कुसळं अडकलीत, पट्टी धरतच नाही. माय गोठ्याकडं जाते चोरून, दुसरं काय. सळयांसकट धुतला तर गंजंल का?

फिजिओताई_अंबाजोगाई

सळया कप्प्यातून ओढून काढा, कुठली डावी कुठली उजवी त्यावर पेनाने खूण करा, नाहीतर उलट्या बसतील. साध्या साबणाच्या गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. उन्हात इलास्टिक सैल पडतं. कुसळं जुन्या टूथब्रशने निघतील, आणि धुताना चिकटपट्टी बंद करून ठेवा. वाळेपर्यंत मावशी आडव्या राहतील अशी वेळ बघा, दुपारची. आणि धार कोण काढतंय सध्या?

गोठेवाला_केज

मी. म्हैस मलाही ढुशी मारायलीय.