मंडळाची सहल थेट जहाजावर: हौस की माज?

तापीकाठ
काल मंडळाच्या ग्रुपवर एका आप्पांनी जे लिहिलं ते डोक्यातून जाईना म्हणून इथे मोकळेपणी लिहितो. जळगावच्या आमच्या मित्रमंडळाची यंदाची सहल मुंबई-गोवा क्रूझवर ठरली. त्यावर आप्पांचं म्हणणं असं की ज्यांना मेहरूणच्या तलावापर्यंत चालत जायचा कंटाळा ते आता समुद्रात माज दाखवायला निघाले, सहल म्हणजे बस, सतरंजी आणि सगळ्यांनी मिळून केलेला स्वयंपाक, बाकी सगळी श्रीमंतीची थेरं.

अहो माज कसला, जो तो आपले पैसे भरतोय, मंडळाच्या शिलकीला कोणी हात लावलेला नाही. आणि मंडळाचं वय बघा ना जरा. निम्म्यांचे गुडघे गेलेत, दोघांना बायपास झालीये, एका वहिनींना बसची पायरी चढताना दोघं जण लागतात. बसच्या सहलीत रोज नवी लॉज, रोज बॅगा टपावर, पहाटे चारला "चला चला गाडी सुटली", आणि बायकांसाठी बरं टॉयलेट दिसलं की गाडी थांबवायची, दिसलं नाही तर तशीच पुढे. जहाजात एकदा बॅग उघडली की विषय संपला, लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, संध्याकाळी डेकवर खुर्ची टाकून बसा. खान्देशला समुद्र नाही म्हणून खान्देशी माणसाने तो बघूच नये का? आपली तापी तरी कुठे जाते, सुरतेला समुद्रातच ना!

धुळेकर_आप्पा
मीच तो आप्पा. नाव झाकून लिहायची गरज नव्हती, मी तोंडावर बोलणारा माणूस आहे.

गुडघ्यांचं पटलं, चला. पण मूळ मुद्दा तुम्ही शिताफीने गाळला. जाहिरातीत दिसतो तो आकडा म्हणजे खर्च नव्हे. त्यावर पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी म्हणजे जहाजावरच्या नोकरांची टीप, जीएसटी, मग वायफायचे वेगळे, गोव्यात उतरून फिरायचे वेगळे, आणि "पिणाऱ्यांचे" तर विचारूच नका. दुसरं म्हणजे खोल्या. पेट्रोलपंपवाले बाल्कनी घेणार, आमच्यातला निवृत्त क्लार्क बिनखिडकीच्या आतल्या खोलीत. बसमध्ये सगळ्यांची हाडं सारखीच खिळखिळी व्हायची, तिथे कोणी मोठा नव्हता. एवढ्या पैशात तोरणमाळ, प्रकाशा, सारंगखेडा सगळं करून उरतील.

भुसावळ_लोको
आप्पा, खोलीवरून आधी भांडू नका. बोट हलते तेव्हा सगळ्यात कमी हलते ती खालच्या मजल्यावरची मधली खोली, म्हणजे तुमची ती स्वस्तातली बिनखिडकीची. वरच्या मजल्यावर पुढच्या टोकाला बाल्कनी घेतलेला माणूस रात्रभर ओवा चघळत बसतो. क्लार्क शांत झोपेल आणि पंपवाले लोळतील, झाला ना समाजवाद.

खरा प्रश्न कोणी विचारतच नाहीये, तो म्हणजे जळगावहून सव्वाचारशे किलोमीटर जायचं कसं. इतक्या जणांचं एकत्र कन्फर्म तिकीट आजकाल मिळून दाखवा. आणि जहाज काही आपल्यासाठी गाडीसारखं आउटर सिग्नलला थांबत नाही, चेक-इन बंद म्हणजे बंद. आदल्या दिवशीच मुंबईत पोचा, नाहीतर इगतपुरीच्या घाटात गाडी अडकली की तुमची क्रूझ कसाऱ्यालाच संपेल. तीस वर्षं रेल्वेत काढलीत, उगाच बोलत नाही.

रावेरची_केळी
मी गेलतो मागच्या वर्षी मुलासोबत. नाश्त्याला केळी ठेवलेली, चकचकीत, एकसारखी, स्टिकरवाली. मी वेटरला विचारलं बाबा ही कुठची, तर त्याला ठाऊक नाही. भो, जळगावच्या केळीला २०१६ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या बागेतला घड अजून बऱ्हाणपूरच्या बाजारभावावर जातो. वादळाने बाग आडवी झाली की पंचनाम्याला माणूस फिरकत नाही, आणि तुम्ही इथे बाल्कनीवरून भांडून राहिले.

तापीकाठ
भाऊ, दुःख खरं आहे पण धागा सहलीचा आहे.

रावेरची_केळी
केळीचा धागा काढला की त्यात कोणी येत नाही ना, म्हणून इथे बोलतो.

अमळनेरकर
माझा विरोध पैशाला नाही, पाण्याला आहे. आजोबा सांगायचे रामदास बोटीचं, १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला निघाली, वाटेत बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. आपल्यातल्या किती जणांना पोहता येतं? विहिरीत सुद्धा नाही.

भुसावळ_लोको
दादा ती आषाढातली गटारी अमावस्या होती, खवळलेला दर्या. पावसाळ्यात या मुंबई-गोवा फेऱ्या नसतात. आणि २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही क्रूझ आडवी झाली तेव्हा नुकत्याच चढलेल्या बऱ्याच लोकांची जीव वाचवायची कवायतच झालेली नव्हती, ती दुसऱ्या दिवशी ठेवलेली. तेव्हापासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या सगळ्यांना लाइफ जॅकेट आणि जमायची जागा दाखवावीच लागते. कंटाळा करू नका, तेवढ्यापुरता बुफे सोडा. पोहता येण्याचं म्हणाल तर भर समुद्रात पोहून तुम्ही जाणार कुठे?

चाळीसगावची_लेक
सगळ्यांचं वाचलं. एकाही भाऊला आप्पांच्या पोस्टमधला खरा शब्द खटकला नाही. "सगळ्यांनी मिळून केलेला स्वयंपाक". सगळ्यांनी म्हणजे कोणी हो आप्पा?

मी सांगते. मागच्या तोरणमाळच्या सहलीत पुरुषमंडळी यशवंत तलावावर फोटो काढत होती आणि आम्ही सातजणी विटांच्या चुलीपुढे. वांगी भाजायला पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या काड्या, गाडीच्या डिकीतून आणलेल्या, त्या ओल्या, धूर नुसता डोळ्यात. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ घरून मीच दळून नेलेलं, भाकरी थापता थापता परातीत वाऱ्याने माती. भरीत झालं, वरून तेल-मिरच्यांची फोडणी, सगळे बोटं चाटत जेवले आणि आप्पा म्हणाले "वा, याला म्हणतात सहल". आम्ही जेवलो तेव्हा भरीत संपलेलं. ठेचा आणि भाकरी. सीताखाईचा पॉइंट मी अजून बघितलेला नाही, भांडी घासत होते.

जहाजावर चूल पेटवता येत नाही, बाहेरचं शिजवलेलं नेता येत नाही, साधी शेगडीसुद्धा बॅगेतून काढून घेतात. माझ्यासाठी एवढं एक कारण पुरे आहे. डाळ फिकी असू दे नाहीतर गोड.

धुळेकर_आप्पा
ताई हे जरा जास्तच झालं. कोणी जबरदस्ती केली नव्हती. तुम्ही बायकाच हौसेने म्हणालात की बाहेरचं नको. आमच्या काळात तर बायका गाणी म्हणत स्वयंपाक करायच्या.

चाळीसगावची_लेक
गाणी जात्यावर पण म्हणायच्या. म्हणून दळण हलकं होतं का?

नंदुरबारी
आप्पा, मांडे येतात का तुम्हाला खापरावर टाकता? माझ्या आईचे हात भाजलेले बघितलेत मी. हौस हौस काय लावलंय.

धुळेकर_आप्पा
तुम्ही मध्ये पडू नका, तुम्ही मंडळाची वर्गणी तरी भरली का यंदाची?

नंदुरबारी
मी तुमच्या मंडळात नाहीच. सुदैवाने.

अमळनेरकर
एक मात्र आहे, आचारी सोबत नेला तर दोन्ही जमतं. लग्नाला नेतो तसा. मग बस काय वाईट?

चाळीसगावची_लेक
दरवर्षी मी हेच सुचवते दादा. उत्तर ठरलेलं, "आचाऱ्याचा खर्च कशाला, घरच्या बायका आहेत ना". ग्रुपवर शोधा, सापडेल. कोणाचं आहे ते पण दिसेल.

तापीकाठ
सापडलं. स्क्रीनशॉट टाकू का आप्पा?

धुळेकर_आप्पा
नको. कळलं. तुमचं बहुमत, तुमचं जहाज, मी कोण सांगणारा. माझं नाव त्या आतल्या खोलीत टाका, लोको म्हणतोय ती मधली. पण पुढच्या वर्षी तोरणमाळच, आणि भाकरी आम्ही पुरुष थापू, झालं समाधान?

चाळीसगावची_लेक
तोरणमाळचं पुढच्या वर्षी बघू. आधी या रविवारी घरी थापून दाखवा, आणि फोटो वहिनींनी टाकायचा, तुम्ही नाही.